शिवशिव थांबली, पण झीज?

कोवळी करकरीत कैरी तिखट-मीठ लावून पोटभर खाल्ली की संध्याकाळी भाकरीचा तुकडासुद्धा चावता येत नाही. दातावर दात टेकला तरी अंगावर काटा येतो. याला आपण म्हणतो, दात आंबले. हा शब्द मला फार नेमका वाटतो. आंबट खाल्ल्याने दाताच्या पृष्ठभागाचं काहीतरी बिघडलं आणि ते दाताने आपल्याला कळवलं, एवढी सगळी हकीकत त्या एका क्रियापदात आहे.

आंबलेले दात एक-दोन दिवसांत पूर्ववत वाटू लागतात आणि आपण विसरून जातो. पण चाळिशीच्या आसपास पुष्कळांचे दात जणू कायमचेच आंबून बसतात. थंडीतलं नळाचं पाणी, कुल्फी, श्रीखंडाचा गार घास, कधी नुसता तोंडाने घेतलेला श्वाससुद्धा दातातून कळ काढतो. मग कुणीतरी ‘सेन्सिटिव्ह’ दातांची पेस्ट सुचवतं. महिनाभरात शिवशिव कमी होते आणि प्रश्न मिटला असं वाटतं.

माझ्या आईचं असंच झालं होतं. वरच्या डाव्या सुळ्याला गार पाणी लागलं की ती डोळे मिटून थांबायची. मेडिकलच्या दुकानातून तिने सेन्सिटिव्ह दातांची पेस्ट आणली, त्रास गेला, आणि पुढची तीन वर्षं तीच पेस्ट घरात येत राहिली. चौथ्या वर्षी वेगळ्याच एका दाढेसाठी ती दातांच्या डॉक्टरांकडे गेली, तेव्हा डॉक्टरबाईंनी तिच्या हातात आरसा दिला. सुळा आणि त्याच्यामागच्या दोन उपदाढा, तिन्हींना हिरडीलगत आडव्या खाचा पडल्या होत्या. नख अडकेल एवढ्या खोल. आई म्हणाली, “पण दुखत तर नव्हतं.”

दुखणं आणि झिजणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सेन्सिटिव्ह दातांची पेस्ट मुख्यतः पहिल्या गोष्टीवर काम करते. दुसरीवर तिचा परिणाम काय होतो, हे जरा गुंतागुंतीचं आहे. कधी ती झीज थोडी रोखते, कधी काहीच करत नाही, आणि चुकीच्या पद्धतीने वापरली तर झिजेला हातभारही लावते.

कळ येते कुठून

दाताचं बाहेरचं कवच म्हणजे इनॅमल. वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज असलेलं हे कवच शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ आहे. चावण्याच्या उंचवट्यांवर त्याची जाडी दोन-अडीच मिलिमीटर असते, आणि हिरडीकडे येता येता ते पातळ होत अगदी कडेला संपतं. ते घडवणाऱ्या पेशी दात हिरडीतून वर येतानाच नाहीशा होतात. हाड मोडलं तर जुळतं, त्वचा कापली तर भरून येते. गेलेलं इनॅमल मात्र शरीर पुन्हा घडवू शकत नाही.

इनॅमलच्या आत डेन्टिन असतं. ते हाडासारखं, पिवळसर आणि बरंच मऊ. त्यात खनिज ७० टक्क्यांच्या आसपास. डेन्टिन सलग घट्ट नसतं. त्यात आतल्या नसेकडून बाहेरच्या दिशेने जाणाऱ्या अतिसूक्ष्म नळ्या असतात. एका चौरस मिलिमीटरमध्ये, म्हणजे खसखशीच्या दाण्याएवढ्या जागेत, अशा वीस हजारांहून जास्त नळ्या मावतात. नसेजवळ त्या आणखी दाटीने असतात. प्रत्येकीचा व्यास एक ते अडीच मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), आणि आत पाण्यासारखा द्रव.

हा द्रव हलला की दुखतं. स्वीडनच्या मार्टिन ब्रॅनस्ट्रॉम यांनी १९६०च्या दशकात ही उपपत्ती मांडली आणि आजही तीच सर्वाधिक मानली जाते. गार पाणी लागलं की नळीतला द्रव आकसून बाहेरच्या बाजूला सरकतो. वाऱ्याची झुळूक लागली की वरचा थर वाळतो आणि आतून द्रव ओढला जातो. पेढ्याचा गोडवासुद्धा द्रव बाहेर खेचतो. नळीच्या आतल्या टोकाशी नसेचे तंतू असतात, त्यांना ही हालचाल जाणवते आणि मेंदूला एकच निरोप जातो: कळ. म्हणूनच गार, गोड, वारा, ब्रशचा स्पर्श अशा चार निरनिराळ्या गोष्टींनी एकसारखंच दुखतं.

नळ्यांची तोंडं झाकलेली असतील तर यातलं काही होत नाही. ती उघडी पडतात दोन कारणांनी. एकतर वरचं इनॅमल झिजतं, नाहीतर हिरडी खाली सरकून मूळ उघडं पडतं. मुळावर इनॅमल नसतंच, सिमेंटम नावाचा पातळ थर असतो आणि तो लवकर घासून जातो. शिवाय साधारण दहापैकी एका दातात इनॅमल आणि सिमेंटम एकमेकांना भेटतच नाहीत. मधे डेन्टिनची बारीक फट जन्मापासूनच उघडी असते, वर फक्त हिरडीचं पांघरूण. ते पांघरूण सरकलं की थेट डेन्टिन. दाताच्या मानेपाशीच शिवशिव जास्त का होते, त्याचं उत्तर यात आहे.

पेस्ट नेमकं काय करते

शिवशिव थांबवायचे मार्ग दोनच. नसेला गप्प करायचं, किंवा नळ्यांची तोंडं बुजवायची.

पहिल्या मार्गावरचं रसायन आपल्या ओळखीचं आहे. पोटॅशियम नायट्रेट, म्हणजे सोरा. बंदुकीच्या दारूत आणि फटाक्यांत पडतो तोच. पेस्टमध्ये तो साधारण ५ टक्के असतो. त्यातलं पोटॅशियम नळ्यांतून हळूहळू आत झिरपतं आणि नसेच्या टोकांभोवती साचतं. त्यामुळे नसेची संदेश पाठवण्याची क्षमता मंदावते. याला दोन ते चार आठवडे रोजचा वापर लागतो, आणि वापर थांबवला की परिणाम ओसरतो. या मार्गात नळी उघडी ती उघडीच राहते. द्रव हलतोच, फक्त निरोप पोचत नाही. दाताच्या झिजेशी सोऱ्याचा काही संबंध नाही. तो झीज वाढवत नाही आणि थांबवतही नाही.

दुसऱ्या मार्गावर पुष्कळ पदार्थ आहेत. सेन्सोडाइन ही पेस्ट अमेरिकेत १९६१ मध्ये बाजारात आली तेव्हा तिच्यात स्ट्रॉन्शियम क्लोराइड होतं. ते नळ्यांच्या तोंडाशी साचून त्या बुजवतं असं मानलं जातं. अडचण अशी की स्ट्रॉन्शियमचं साध्या फ्लोराइडशी जमत नाही, दोघं एकत्र आले की साका बनून तळाशी बसतात. म्हणून त्या जुन्या पेस्टमध्ये फ्लोराइड नसायचं. दात कमी शिवशिवायचे, पण कीड रोखायचं काम मागे पडायचं. पुढे या पेस्ट सोऱ्याकडे वळल्या त्यामागे हेही एक कारण होतं.

आर्जिनिन हे अमिनो आम्ल कॅल्शियम कार्बोनेटच्या जोडीने वापरलं की ते डेन्टिनला चिकटून नळ्यांत बूच बसवतं. जपानमध्ये हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइटचे, म्हणजे ज्या खनिजाचा दात बनतो त्याच खनिजाचे, अतिसूक्ष्म कण पेस्टमध्ये घालण्याची प्रथा १९८०पासून आहे. आणि एक आहे जैवकाच. अमेरिकेतल्या फ्लोरिडा विद्यापीठात लॅरी हेंच यांनी १९६९ मध्ये ती हाडांसाठी बनवली. व्हिएतनामहून परतलेल्या एका लष्करी अधिकाऱ्याने त्यांना विचारलं होतं की शरीर नाकारणार नाही असा पदार्थ तुम्ही का शोधत नाही, त्या प्रश्नातून ही काच जन्मली. तिची भुकटी लाळेत विरघळताना कॅल्शियम आणि फॉस्फेट सोडते आणि त्यांचा दातासारखाच थर नळ्यांवर बसतो. हाडासाठी शोधलेली गोष्ट अशी दातापर्यंत आली, याचं मला अजून नवल वाटतं.

झिजेच्या दृष्टीने यात सर्वांत महत्त्वाचं आहे स्टॅनस फ्लोराइड, म्हणजे कथिलाचं फ्लोराइड. कथिल नळ्या तर बुजवतंच, शिवाय इनॅमलवर आम्लाला सहज न विरघळणारा पातळ थर धरतं. ज्यांचे दात आंबटामुळे झिजतात त्यांच्यासाठी साध्या फ्लोराइडपेक्षा कथिलयुक्त पेस्ट अधिक उपयोगी ठरू शकते, असं या विषयातले युरोपीय तज्ज्ञ सांगतात. काहींच्या दातांवर त्याने तपकिरी डाग येतात, पण ते साफ करता येतात.

आम्ल आणि ब्रश, पाठोपाठ

दात तीन रीतींनी झिजतो. दातावर दात घासून, बाहेरची वस्तू घासून, आणि आम्लात विरघळून. रात्री दात खाणाऱ्यांचा पहिला प्रकार बाजूला ठेवू. उरलेले दोन एकत्र आले की खरं नुकसान होतं.

पीएच म्हणजे आम्लता मोजणारा आकडा, तो जितका कमी तितकं आम्ल तीव्र. लाळेचा पीएच साधारण ६.५ ते ७ असतो. तो ५.५च्या खाली गेला की इनॅमलमधली खनिजं विरघळू लागतात. डेन्टिन त्याहून हळवं, ते ६.५च्या आसपासच सैल व्हायला लागतं. लिंबाचा रस आणि कोला पेयं यांचा पीएच अडीचच्या आसपास असतो. पीएचच्या मोजपट्टीवर एक अंक म्हणजे दहा पट, तेव्हा साडेपाचपासूनचं हे अंतर हजार पटींचं झालं. चिंचेत टार्टरिक आम्ल असतं, कोकमात हायड्रॉक्सिसायट्रिक. आवळा, कैरी, संत्रं, ताक, सगळ्यांत कमी-अधिक आम्ल आहेच. जेवणात आमटीतून आलेली चिंच किंवा भातानंतर वाटीभर सोलकढी याने काही बिघडत नाही, कारण तेव्हा लाळ भरपूर सुटते आणि ती आम्ल धुऊन टाकते. बिघडतं ते दिवसभर घोट घोट घेत राहिल्याने, म्हणजे बाटलीत लिंबूपाणी घेऊन फिरल्याने किंवा थंड पेयाचा ग्लास तासभर पुरवल्याने.

अशा आम्लस्नानानंतर इनॅमलचा सर्वांत वरचा थर, काही मायक्रॉनांचा, मऊ पडतो. दात आंबतात ते याच अवस्थेत. त्याला तसंच सोडलं तर लाळेतली खनिजं त्यात हळूहळू परत बसतात. पण तो मऊ थर तिथे असतानाच कुणी त्यावरून ब्रश फिरवला तर तो पुसला जातो, आणि पुसला गेलेला थर परत येत नाही.

निरोगी, कठीण इनॅमलवर आम्लाविना साधी पेस्ट आयुष्यभर घासली तरी झीज नगण्य असते. नुसत्या ब्रशने, पेस्टशिवाय, तर जवळजवळ काहीच झिजत नाही. म्हणजे ब्रश एकटा निरुपद्रवी, पेस्ट एकटी इनॅमलला निरुपद्रवी. आम्ल आधी येऊन गेलं की मात्र हीच जोडी कानस बनते. डेन्टिनची गोष्ट वेगळी, ते मुळातच मऊ असल्याने पेस्टने थेट झिजतं. बेताने घासणाऱ्याचं ऐंशी-शंभर वर्षांत सुमारे एक मिलिमीटर डेन्टिन जाईल, असा एक अंदाज वारंवार दिला जातो. पण बेताने घासणारे फार थोडे.

ब्राझीलमधल्या साओ पावलो आणि स्वित्झर्लंडमधल्या बर्न इथल्या विद्यापीठांतल्या संशोधकांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग इथे सांगायलाच हवा. संवेदनशील दातांसाठी किंवा झीजविरोधी म्हणून विकल्या जाणाऱ्या पेस्ट आणि तुलनेसाठी एक साधी, अशा नऊ पेस्ट त्यांनी घेतल्या. माणसाच्या उपदाढांच्या इनॅमलचे तुकडे सायट्रिक आम्लात बुडवायचे, मग यंत्राने पेस्टच्या पाण्यात ब्रश करायचं, आणि हे चक्र पाच वेळा. नऊच्या नऊ पेस्टनी इनॅमल झिजलं, आणि प्रत्येक चक्रागणिक झीज वाढत गेली. कुणी कमी झिजवलं, कुणी जास्त, पण पाकिटावरच्या शब्दांना साजेसं पूर्ण संरक्षण एकीनेही दिलं नाही. हा प्रयोगशाळेतला प्रयोग आहे. तोंडात लाळ असते, जीभ असते, तिथे गोष्टी इतक्या कठोर नसतात. तरीही त्यातून एक उघड होतं की ‘सेन्सिटिव्ह’ हा शब्द कळेबद्दलचा दावा आहे. झिजेबद्दल तो शब्द काही सांगत नाही.

पेस्टमधला खर

प्रत्येक पेस्टमध्ये घासणारे कण असतात, बहुधा सिलिका किंवा कॅल्शियम कार्बोनेट. ते हवेतच. त्यांच्याशिवाय चहाचे आणि पानाचे डाग निघत नाहीत. आपल्याकडे हा खर पूर्वी फार मोठा होता. राखुंडी, कोळसा, वीटकरीची भुकटी, गेरू घातलेलं लाल मंजन, आणि वर बोटाचा जोर. गावाकडच्या कितीतरी आज्यांचे दात म्हातारपणी पिवळे, बसके आणि गुळगुळीत दिसायचे, त्यात या भुकट्यांचा मोठा वाटा होता. मशेरीने तर दातांबरोबर तोंडाच्या आतल्या त्वचेचंही नुकसान केलं. १९९२ मध्ये दंतमंजनात आणि पेस्टमध्ये तंबाखू घालायला देशभर बंदी आली, पण घरी तव्यावर भाजलेली मशेरी अजून संपलेली नाही.

पेस्ट किती खरखरीत आहे हे मोजायला आरडीए नावाचा आकडा आहे. तो काढण्याची रीत ऐकण्यासारखी आहे. काढून टाकलेल्या दातांच्या मुळांचे तुकडे अणुभट्टीत न्यूट्रॉनच्या माऱ्याखाली ठेवतात, त्यामुळे त्यातला फॉस्फरस किरणोत्सारी होतो. मग यंत्राने त्यावर पेस्टचं पाणी घेऊन ब्रश फिरवतात आणि पाण्यात किती किरणोत्सार उतरला ते मोजतात. जितका किरणोत्सार, तितकं डेन्टिन घासून आलं. कॅल्शियम पायरोफॉस्फेटच्या ठरावीक भुकटीला १०० धरून बाकीच्यांची तुलना होते. नुसत्या पाण्याने ब्रश केला तर आकडा चार-पाचच्या आसपासच राहतो. आंतरराष्ट्रीय मानकाने वरची मर्यादा २५० ठेवली आहे.

संवेदनशील दातांच्या पेस्टचा आकडा सहसा खालच्या बाजूला असतो, काहींचा ५०च्याही खाली. पण सगळ्यांचा नाही. त्याच नावाच्या मालिकेत ‘व्हाइटनिंग’ असा शब्द जोडला गेला की आकडा शंभराच्या पुढेही जातो, कारण पांढरेपणा बहुतेक वेळा जास्त घासूनच आणलेला असतो. हा आकडा ट्यूबवर छापलेला नसतो, ही मला खरोखर खटकणारी गोष्ट आहे. औषधाची मात्रा छापतात, बिस्किटातली साखर छापतात, मग आयुष्यभर दिवसातून दोनदा दातावर फिरणाऱ्या पदार्थाचा खर का नाही? तोपर्यंत ग्राहकाच्या हातात एवढंच आहे की दात शिवशिवत असतील तर ‘व्हाइटनिंग’, ‘चारकोल’, ‘स्मोकर्स’ अशा शब्दांपासून लांब राहायचं.

कमी आकडा म्हणजे सुरक्षित, असंही मात्र नाही. आरडीए फक्त डेन्टिनचं घासलं जाणं मोजतो, आणि तेही आम्लाविना. इनॅमलवर वेगळे कण वेगळं वागतात. जैवकाचेचे कणच घ्या. नळ्या बुजवायला ते उत्तम, पण विरघळण्याआधी ते काचेचेच कण असतात आणि इनॅमलपेक्षा कठीण असतात. म्हणजे बूच बसवणारा आणि घासणारा एकच.

आणखी एक पेच आहे. बूच बसवणाऱ्या पेस्टने नळीच्या तोंडाशी जे काही साचवलं, ते त्याच पेस्टमधला खर आणि आपल्या हाताचा जोर खरवडून काढू शकतो. बुजवणं आणि उकरणं एकाच वेळी चालू असतं. आंबट पेयाने ही बुचं विरघळतातही. कुणाला पेस्टचा गुण येतो आणि कुणाला वर्षभर वापरूनही येत नाही, याचं उत्तर बरेचदा पेस्टमध्ये सापडत नाही. ते दिवसभराच्या पिण्यात आणि मनगटाच्या जोरात असतं.

डाव्या बाजूचं गूढ

आता आईच्या खाचांकडे परत येते. त्या डाव्या बाजूलाच का? आई उजव्या हाताने घासते. उजव्या हाताने घासणाऱ्यांचा जोर डाव्या बाजूच्या सुळ्यावर आणि उपदाढांवर जास्त पडतो, कारण तिथेच दातांच्या कमानीचं वळण आहे आणि ब्रश तिथेच आधी टेकतो. तेव्हा पेस्टही सर्वांत दाट असते. दंतवैद्यांना हे इतकं परिचित आहे की खाचा कुठल्या बाजूला आहेत ते पाहून ते माणूस डावखुरा आहे का, याचा अंदाज बांधतात.

डॉक्टरबाईंनी तिला दिनक्रम विचारला. सकाळी उठल्यावर कोमट पाण्यात अर्धं लिंबू आणि मध, वजनासाठी. त्यानंतर लगेच दात घासणं, तेही आडवे, खसाखसा, कडक ब्रशने, कारण “मऊ ब्रशने घासल्यासारखं वाटत नाही.” म्हणजे रोज सकाळी आधी इनॅमल मऊ करायचं आणि मग ते कानसायचं. पहिल्या वर्षी दाताने ओरडून सांगितलं. पेस्टने त्याचा आवाज बंद केला. पुढची तीन वर्षं तेच चालू राहिलं, शांतपणे.

पेस्टचा यात दोष आहे असं मला वाटत नाही. तिने सांगितलेलं काम केलं. पोटॅशियम नायट्रेटच्या पेस्टवर अमेरिकेत तर छापावंच लागतं की चार आठवड्यांपेक्षा जास्त वापरायची असेल तर दंतवैद्याला विचारा, कारण संवेदनशील दात हे दुसऱ्या गंभीर कारणाचं लक्षण असू शकतं. अशी सूचना आपल्याकडच्या पाकिटांवरही बरेचदा बारीक अक्षरांत असते. आम्ही कुणी ती वाचली नव्हती. दाताला तडा, भरलेल्या दाताखाली चाललेली कीड, हिरडीचा आजार, यांतही गार लागून कळ येते, आणि तिथे पेस्टच्या भरवशावर घालवलेले महिने महागात पडतात. एकाच दातात कळ येत असेल, गार काढून घेतल्यावरही ती मिनिटभर रेंगाळत असेल, किंवा गरमानेही ठणकत असेल, तर पेस्ट शोधत बसू नये, आधी दात दाखवावा.

आम्लपित्ताचंही विचारायला हवं. पोटातलं आम्ल लिंबापेक्षा तीव्र असतं, पीएच एक ते दोन. ज्यांना रात्री घशाशी आंबट येतं त्यांचे वरचे पुढचे दात आतून, टाळूच्या बाजूने पातळ होत जातात, आरशात न दिसणाऱ्या बाजूने. गरोदरपणात उलट्या होणाऱ्या बायकांनाही हे लागू आहे. उलटीनंतर तोंडाची चव घालवायला लगेच ब्रश हाती घेतला जातो, ते टाळावं. साध्या पाण्याने किंवा चिमूटभर खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्याने चूळ भरावी.

मग घासायचं कधी? आंबटानंतर अर्धा तास थांबा, हा सल्ला आपण सगळ्यांनी ऐकलेला आहे. तो चुकीचा नाही, पण अपुरा आहे. लाळेला तो मऊ थर पुन्हा घट्ट करायला अर्ध्या तासापेक्षा बराच जास्त वेळ लागतो, आणि प्रत्यक्ष तोंडात केलेल्या अभ्यासांत थांबल्याचा फायदा अपेक्षेपेक्षा कमी दिसला. त्यापेक्षा सोपं म्हणजे आंबटाच्या आधी घासणं. उठल्यावर आधी दात, मग चहा-नाश्ता, ही आपल्या आजी-आजोबांची रीत यात बसते. ब्रशने दातावरचा लाळेचा संरक्षक पापुद्रा थोडा निघतो हे खरं, पण तो काही मिनिटांत परत बसायला लागतो, आणि पेस्टमधलं फ्लोराइड तोवर आपलं काम करून ठेवतं.

ते काम होण्यासाठी आणखी एक सवय मोडावी लागते आणि आपल्याला ती सर्वांत जड जाते. घासून झाल्यावर खळखळून चुळा भरण्याची. पेस्टमधलं फ्लोराइड, कथिल, पोटॅशियम, जे काही उपयोगाचं आहे ते दातावर रेंगाळलं तरच उपयोगी. भारतात पेस्टमध्ये फ्लोराइड दशलक्ष भागांत १००० भागांपर्यंतच घालता येतं, युरोपात १५००पर्यंत. म्हणजे आपल्या वाट्याला आधीच थोडं कमी, आणि तेही आपण तीन चुळांत बेसिनमध्ये सोडतो. फेस थुंकावा आणि तिथेच थांबावं. आईला पहिला आठवडा तोंड चिकट वाटत राहिलं, नंतर सवय झाली.

पेस्ट किती घ्यायची यात जाहिरातींनी आपली दिशाभूल केली आहे. ब्रशभर लांब पट्टी लागत नाही, मोठ्या माणसाला वाटाण्याएवढी पुरते. जास्त पेस्ट म्हणजे जास्त खर. ब्रशचे केस महिना-दीड महिन्यात पिंजारून झाडूसारखे फाकत असतील तर हात जड आहे हे नक्की समजावं. शिवशिवणाऱ्या दातावर पेस्ट बोटाने हलकेच लावून मिनिटभर ठेवली तर बूच बसतं आणि खरवडही होत नाही. आर्जिनिनच्या पेस्टबाबत तर ही रीत मुद्दाम सुचवली जाते.

आईच्या तीनपैकी दोन खाचा डॉक्टरबाईंनी दाताच्या रंगाच्या मसाल्याने भरल्या. तिसरी उथळ होती, ती तशीच ठेवली, जवळून फोटो काढला आणि सहा महिन्यांनी बोलावलं. लिंबूपाणी बंद झालं नाही, ते जेवणाबरोबर गेलं. ब्रश मऊ आला आणि ती आता उजव्या बाजूने सुरुवात करते. पेस्ट सेन्सिटिव्हच आहे, फक्त कथिलाची. सहा महिन्यांनी दुसरा फोटो काढला, दोन्ही पडद्यावर शेजारी शेजारी लावले आणि डॉक्टरबाई आणि आई दोघी वाकून खाचेची कडा शोधत बसल्या. कडा जिथल्या तिथे होती. पुढच्या तपासणीची तारीख आईने कालनिर्णयवर लिहून ठेवली आहे. दात दुखत नाहीये, तरीही.